व्हीसीडीवर दोन भाषा एकदम ऐकू येत होत्या, तेव्हा

हाँगकाँगच्या टीव्हीबी या वाहिनीची १९८३ सालची 'द लेजंड ऑफ द काँडोर हीरोज' माझ्या संग्रहातली सगळ्यात लाडकी मालिका. ५९ भाग, कादंबरीकार जिन योंगची कथा आणि नायिका हुआंग रोंगच्या भूमिकेत बार्बरा युंग! पण व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) संच लावला की प्रत्येक वाक्य दोन आवाजांत, एकावर एक. तलवारींचा खणखणाट मात्र अगदी स्वच्छ.

डिस्क खराब नव्हती. डीव्हीडीवर भाषेगणिक वेगळा ट्रॅक देता येतो. व्हीसीडीवर एकच स्टिरिओ ट्रॅक, म्हणजे डावी आणि उजवी अशा दोन बाजू असलेला. म्हणून कंपन्या कँटोनीज आणि मँडरिन या दोन चिनी भाषांपैकी एक एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला भरत. हेडफोन घातल्यावर लगेच उलगडा झाला: डाव्या कानात कँटोनीज, उजव्यात मँडरिन.

प्लेअरच्या रिमोटवर 'ऑडिओ' किंवा 'एल/आर' बटण असेल तर ते दाबत राहा, एकच भाषा उरते. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या ऑडिओ मेनूत 'स्टिरिओ मोड'मध्ये 'लेफ्ट' निवडा. डिस्कवरच्या एमपीईजीएव्ही (MPEGAV) फोल्डरमधल्या डॅट (.DAT) व्हिडिओ फाइल्स व्हीएलसीत थेट चालतात. मी त्यांची प्रतही काढून ठेवली, कारण या डिस्क आता जुन्या झाल्यात.

मी कँटोनीजच ऐकतो. मालिका मुळात त्याच भाषेत झाली, त्यामुळे संवादांचा ठसका तिथेच आहे. प्रतीत दोन्ही बाजू राहू द्या. मँडरिन पुसून टाकू नका.