घोडा कडू औषध घेत नाही? या चुका टाळा

डॉक्टरांनी आठवडाभराची पूड लिहून दिली. पहिल्या दिवशी ती चंदीत (दाण्याच्या खुराकात) कालवली, घोड्याने तोबऱ्यात नाक घातलं, फुरफुरला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी औषध नसलेली चंदीसुद्धा तो हुंगून सोडून देतो. तिसऱ्या दिवशी घरातली दोन माणसं त्याचं डोकं धरून उभी राहतात, आणि तिथून पुढे औषधाची वेळ म्हणजे झटापट ठरते.

याला घोड्याचा हट्ट म्हणू नये. चरणाऱ्या जनावराला कडू चव म्हणजे विषारी पाल्याची शंका. त्यातून घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की गिळलेलं वर येत नाही. असं जनावर गिळण्याआधीच पारख करणार. फिनाइलब्युटाझोन (सगळे ज्याला ‘ब्युट’ म्हणतात ते वेदनाशामक), मेट्रोनिडाझोल आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा या प्रतिजैविकांची पूड ही औषधं चांगलीच कडू आहेत. कोर्स पार पडणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत आपण कसे वागलो त्यावर ठरतं.

सगळी चंदी कडू करणं

औषध भरल्या तोबऱ्यात मिसळलं की दोन नुकसानं होतात. घोडा अर्धं खाऊन सोडतो, म्हणजे मात्रा किती गेली हे कळत नाही. आणि त्याचा रोजच्या खाण्यावरचा विश्वास उडतो, हे जास्त वाईट. औषध मूठभर ओलसर कोंड्यात किंवा भिजवलेल्या भरड्यात कालवा, वेगळ्या घमेल्यात द्या, तेही चंदीच्या आधी, भूक असताना. ते संपलं की लगेच नेहमीची चंदी. कोरडी पूड कोरड्या दाण्यावर भुरभुरू नका. घोडा वरच्या ओठाने दाणे निवडतो आणि पूड तळाशी तशीच राहते.

आणखी एक. घोड्याच्या चंदीची चव बदलायला म्हणून गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य कधीही घालू नका. त्यात मोनेन्सिन असू शकतं. गुरांना चालणारं हे द्रव्य घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करतं आणि थोड्या प्रमाणातही जीव घेतं.

बाटलीने पाजणं

या यादीत ही सर्वांत धोक्याची चूक आहे आणि आपल्याकडे ती अजूनही सर्रास होते. डोकं दोरीने वर ओढायचं, तोंडात बाटली किंवा बांबूचं नळकांडं घालायचं आणि औषध ओतायचं. काही ठिकाणी तर नाकपुडीतून ओततात. मान ताणून डोकं वर केलेल्या घोड्याला नीट गिळता येत नाही. औषध श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ आजारापेक्षा भारी पडतो. तेल पाजताना हा धोका आणखी वाढतो, कारण तेल श्वासनलिकेत गेलं तरी जनावर लगेच खोकेलच असं नाही. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, त्यामुळे नाकात ओतणं म्हणजे त्याचा श्वासच अडवणं. काचेची बाटली दाढांखाली फुटते ते वेगळंच. औषध जास्त प्रमाणात पोटात जायलाच हवं असेल तर पशुवैद्यक नाकातून जठरापर्यंत नळी घालतात. ते त्यांचंच काम आहे, कारण नळी अन्ननलिकेत गेली की श्वासनलिकेत, याची खात्री करून घ्यावी लागते.

सिरिंज पहिल्यांदा औषधाच्याच दिवशी दाखवणं

घरी करायचं तर सिरिंजच बरी. लांब निमुळत्या तोंडाची ६० मिलीची सिरिंज घ्या, सुई अर्थातच नाही. गोळ्या तिच्यातच थोड्या कोमट पाण्यात विरघळू द्या, मग दाटसर लगदा होईल इतपत सफरचंदाचा गर किंवा काकवी मिसळा. अगदी पातळ द्रव ओठातून गळून जातो.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जिथे लगामाची कडी बसते, तिथे हिरडी मोकळी असते. ओठाच्या कोपऱ्यातून तिथे सिरिंज सरकवा, टोक जिभेच्या मागच्या भागाकडे ठेवा आणि सावकाश दाबा. तोंडात गवताचा घास असेल तर औषध त्यातच मुरतं आणि घासासकट बाहेर पडतं. म्हणून आधी तोंड रिकामं झालंय का बघा. डोकं नेहमीच्या उंचीवर असू द्या, औषध गेल्यावर हनुवटीखाली हात धरून गिळेपर्यंत थांबा. उभं राहायचं ते खांद्याच्या बाजूला, समोर नाही.

या सगळ्याआधी तालीम हवी. औषध नसतानाच्या दिवसांत सिरिंजमधून नुसतं गुळाचं पाणी द्या, मोहरकीवरचा हात सैल ठेवा, दिलं की बाजूला व्हा. सारंगखेड्याच्या बाजारातून नुकतं घरी आणलेलं शिंगरू असो की माथेरानच्या चढावर रोज पर्यटक वाहणारं तट्टू, सिरिंज म्हणजे गोड असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की मध्ये एखादी कडू मात्रा तो सहन करतो. आजार अचानक आला आणि तालमीला वेळ नाही मिळाला, तरी प्रत्येक कडू सिरिंजनंतर एक गोडाची द्याच. ओठाला दोरीचा पीळ घालून रोज औषध देणं मला पटत नाही. एखाद्या वेळेस अडचण निभते, पण आठ दिवसांत घोडा तोंडाजवळ हातच येऊ देत नाही.

एकच गोड, सगळ्यांना

गूळ सगळ्या घोड्यांना आवडतो असं आपण धरून चालतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात घोड्यांना वेगवेगळ्या वासाची चंदी देऊन पाहिली, तेव्हा पहिला क्रमांक मेथीने पटकावला. केळं दुसरं होतं, आणि गाजराच्याही आधी जिऱ्याचा नंबर लागला. मेथी आणि केळं, आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही असतात. मेथीची चिमूटभर पूड किंवा कुस्करलेलं केळं करून पाहायला काहीच हरकत नाही. मात्र ज्या घोड्याला लॅमिनायटिस (खुरांच्या आतली दुखरी सूज) होऊन गेलाय किंवा जो लठ्ठ आहे, त्याला गूळ, काकवी, केळं देऊ नये. त्याच्यासाठी भिजवलेला, धुऊन गोडवा काढलेला बीटचा चोथा किंवा चिमूटभर मीठ घातलेला ओला भुसा बरा.

दिसेल ती गोळी कुटणं

काही गोळ्यांवरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असतं. अल्सरवर दिलं जाणारं ओमेप्राझोल त्यातलंच. आवरण मोडलं की औषध वाया. पर्गोलाइडची (म्हाताऱ्या घोड्यांच्या कुशिंग या संप्रेरकांच्या आजारावरची) गोळी कुटली तर तिची धूळ आपल्या नाकात जाते, आणि गरोदर बाईने ती हाताळूच नये. ब्युटही माणसाच्या रक्तपेशींना घातक ठरू शकतं, म्हणून हातमोजे घाला. कुटायचं की भिजवायचं, हे औषध घेतानाच डॉक्टरांना विचारा.

वजनाचा अंदाज

जंतनाशकासारख्या तयार पेस्टच्या नळ्या बऱ्याचदा ६०० किलोच्या घोड्याला पुरतील अशा भरलेल्या असतात. आपलं तट्टू त्याच्या निम्म्यालाही भरत नाही. टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर वजन साधारण २४६ किलो. नळीच्या दट्ट्यावरची कडी त्या वजनाच्या खुणेवर आणून घट्ट करा.

मात्रा अर्धी थुंकली तर? पुन्हा पूर्ण देऊ नका. ब्युटच्या बाबतीत तर नाहीच. ते जास्त झालं की जठराला आणि आतड्याला जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि तट्टांना हे मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर सोसेनासं होतं. किती सांडलं ते डॉक्टरांना सांगा. सांडलेलं लगेच झाडून काढा, कारण आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची पेस्ट चाटून कोलीसारख्या काही जातींची कुत्री मरू शकतात.

‘मग तेच औषध टोचून टाकू’

ब्युटचं इंजेक्शन शिरेतच द्यावं लागतं, बाहेर गेलं तर मांस सडतं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक तोंडाने चालतं, पण शिरेत दिलं तर घोडा जागेवर कोसळू शकतो. त्यामुळे औषधाचं रूप बदलायचं ते डॉक्टरांनीच. त्यांच्याकडे दुसरं औषध, पेस्ट, नळी असे पर्याय असतात, मेट्रोनिडाझोल तर गुदद्वारातूनही देता येतं.

आणि एरवी हावरट असलेला घोडा औषध नसलेली चंदीही नाकारत असेल, तर त्याला नखरेल म्हणू नका. तोंड उघडून दाढांची टोकं आणि जिभेवरच्या जखमा बघा. मेट्रोनिडाझोलने भूक मरते, ब्युटने जठर दुखतं. जमिनीवर पाय आपटणं, कुशीकडे वळून पाहणं, लीद कमी होणं यांतलं काहीही दिसलं की पुढची मात्रा थांबवा आणि लगेच फोन करा. शेवटची लीद कधी पडली, पाणी किती प्यायला आणि कुठली औषधं किती गेली, हे लिहून जवळ ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.