निगडीचा पाला तपासणीला द्यायचा असेल तर आधी बांध बघा

गौरी-गणपती झाले, पावसानं उघडीप दिली. ओढ्याकाठची, कुंपणाची निगडी आता निळसर तुऱ्यांनी भरलीय. पुस्तकात तिला निर्गुडी म्हणतात. जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून बांधावर टिकते. गुडघा धरला की तिची पानं तव्यावर गरम करून शेकायची आणि अंग मोडून आलं की अंघोळीच्या पाण्यात उकळायची, हे आपल्या घराघरांत चालत आलंय. या पाल्यानं वेदना, सूज आणि ताप खरंच उतरतो का, हे तपासायला औषधनिर्माण शास्त्राची पोरं आपल्याकडे पाला मागायला येतात. द्यावा जरूर. फक्त कसाही ओरबाडून देऊ नये.

तपासणी कशी होते ते कळलं की असं का म्हणतो ते पटेल. सुक्या पाल्याचा अर्क काढून पांढऱ्या उंदरांना पाजतात. समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन पंजात टोचलं की पंजा सुजतो, मग तासातासाला सूज मोजायची. तापासाठी यीस्ट कातडीखाली टोचतात. ताप चढायला रात्र जाते. त्यानंतर काही उंदरांना अर्क, काहींना पॅरासिटामॉल, काहींना नुसतं पाणी. वेदनेसाठी गरम पट्टीवर उंदीर ठेवून तो किती सेकंदांनी पंजा चाटतो ते बघतात. हे सगळं नीतिसमितीच्या परवानगीनंच चालतं. श्रीलंकेतल्या संशोधकांनी निगडीच्या ताज्या, पक्व पानांचा पाण्यातला अर्क देऊन उंदरांची सूज आणि वेदना कमी होते, असं २००३ साली मांडलंय.

आता यात आपला बांध कुठं येतो बघा. अर्क काढताना पाला आटतो, तसं पानावर पडलेलं फवारणीचं औषधही आटून त्यात उतरू शकतं. अशा अर्कानं उंदीर सुस्तावला तर पट्टीवर तो उशिरा पंजा उचलणार, आणि कागदावर मात्र ‘वेदना कमी झाली’ असं दिसणार! उसाच्या सरीत मारलेलं टू-फोर-डी हे तणनाशक वाऱ्यानं बांधावर येतंच. निगडीचे शेंडे पिळवटलेले, पानं चिंचोळी पट्टीसारखी झालेली दिसली तर ते झुडूप सोडून द्या. पंचगंगेच्या पुरात बुडालेलं आणि डांबरी रस्त्याकडेचंही नको. पूर्वहंगामी लावणीच्या फवारण्या सुरू व्हायच्या आधी, म्हणजे येत्या दोन-तीन आठवड्यांत तोडणी उरका. वनखात्याच्या हद्दीत शिरू नका, आपला बांध पुरतो.

तोडायचं ते पक्व पान. कोवळे शेंडे नकोत, पिवळं पडलेलं नको. सकाळचं दव उडाल्यावर तोडा. पाच पर्णिका (एका पानाची सुटी छोटी पानं), मधली लांब आणि देठाची, पानाची खालची बाजू पांढुरकी, चुरगाळलं की उग्र वास, ही ओळख. पण तीन पर्णिकांचीही पानं याच झुडपावर सापडतात आणि तिच्या जवळची दुसरी जातही तीन पर्णिकांची असते, म्हणून निव्वळ मोजून भागत नाही. फुलासकट वीतभर फांदी वर्तमानपत्रात दाबून सोबत द्या. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वनस्पतिसंग्रह आहे. तसल्या ठिकाणी नाव पक्कं होऊन नोंद झाली की मगच पुढच्या कामाला अर्थ.

वाळवण्यात मी एकदा हात पोळून घेतलाय. घाई म्हणून पाला स्लॅबवर काळ्या ताडपत्रीवर पसरला. दोन दिवसांत खडखडीत झाला, पण रंग तंबाखूसारखा आणि वास गायब, कारण तेल उडून गेलेलं. पाला परत आला, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं. तेव्हापासून पडवीत, बांबूच्या तट्ट्यावर, पातळ थर. दिवसातून दोनदा हलवायचा. हवा दमट असली तर पंखा लावा, नाहीतर आतल्या थराला बुरशी येते आणि ती दिसायच्या आधी हाताला चिकट लागते. पान मुठीत चुरून कुरकुरलं आणि देठ मोडताना कट्ट वाजला की झालं. चार किलो ओल्या पाल्याचा साधारण किलोभर सुका होतो, दर ठरवताना हे धरून चला. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. कोरी कापडी पिशवी घ्या, वर गाव, गट नंबर, तोडणीची तारीख आणि शेजारच्या पिकावर शेवटची फवारणी कधी झाली ते लिहा.

आणि एक. उंदरावर उतरलेला ताप म्हणजे आपल्याला काढा प्यायची परवानगी नव्हे. शेक घ्या, अंघोळीला घाला. पण चिखलात, पुराच्या पाण्यात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा आजार, असू शकतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

चाळणीवर उरलेला देठ-चुरा फेकू नका. फवारणी न झालेला असेल तर ज्वारीच्या पोत्यांच्या थरांत घाला. तिथं किड्यांशिवाय कुणी त्याची तपासणी करत नाही.