युद्धकाळातल्या कामगार बायकांवर लिहिताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्यावर मालिका किंवा नाटक लिहायचं म्हटलं की हल्ली पात्रांची यादी ठरलेलीच असते: एक श्रीमंताघरची, एक घरातून पळून आलेली, एक काळी, एक समलैंगिक. यादीत वावगं काही नाही. पण चौघींना एकाच मशीनवर, एकाच पगारावर उभं केलं की लेखक मोकळा होतो, आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळा भेदभाव एका खडूस मुकादमाच्या गळ्यात मारणं. तो टोमणा मारतो, नायिका त्याला सुनावते, प्रसंग संपला. खरा भेदभाव भरतीपासूनच असायचा: कामावर कोणाला घ्यायचं, घेतलंच तर कोणत्या खात्यात टाकायचं. अमेरिकेत काळ्या कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची तयारी केली, तेव्हा कुठे जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी संरक्षण उद्योगांतल्या वंशभेदाला मनाई करणारा हुकूम काढला. तरीही जून १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळताच सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये संप झाला तो चक्क संडासावरून. गोऱ्यांना काळ्यांसोबत एकच स्वच्छतागृह नको होतं, आणि शेवटी लष्कराला कारखाना ताब्यात घ्यावा लागला. कोणाच्या हातचं पाणी चालतं नि कोणाच्या नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मग हा प्रसंग सोडून भाषणं कशाला लिहायची?

दुसरी खोड म्हणजे काळ्या पात्राला फक्त सोसायला ठेवणं. कॅनडात टोरोंटोच्या जॉन इंग्लिस शस्त्र कारखान्यात सिसिलिया बटलर नावाची काळी तरुणी काम करायची. त्याआधी ती नाइटक्लबमध्ये गायची, नाचायची. १९४३ मधले तिचे कारखान्यातले फोटो आहेत. त्याच कारखान्यातली व्हेरोनिका फॉस्टर मात्र १९४१ च्या प्रचारमोहिमेत ‘ब्रेन गन गर्ल’ (ब्रेन ही तिथे बनणारी मशीनगन) म्हणून देशभर पोचली. प्रचाराचा चेहरा कोण झालं, एवढ्यावर अख्खा भाग लिहिता येईल. अशाच कारखान्यावरच्या ‘बॉम्ब गर्ल्स’ या कॅनडाच्या मालिकेतही (२०१२) मुख्य पाचजणी गोऱ्याच होत्या.

या मालिकेने एक गोष्ट मात्र छान साधली: इटालियन मार्को. बाप सरकारने डांबलेला आणि पोरगा त्याच सरकारसाठी बॉम्बच्या कारखान्यात राबतोय. जून १९४० मध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यावर कॅनडात सुमारे ६०० इटालियन वंशाच्या लोकांना डांबलं होतं. वैविध्य म्हणजे फक्त कातडीचा रंग असं धरून चाललात, तर असे धागे हातचे जातात.

समलैंगिक पात्राला शेवटी मारून टाकू नका. आणि तिच्या तोंडी आजची भाषाही घालू नका. बोर्डिंगमधली खोली गेली तर राहायचं कुठे, ही तिची भीती. तेवढी नीट लिहिली तरी पुरे.

कामाचे तपशील गाळणं तर आळसच. स्फोटकांच्या खात्यात हेअरपिन, काडेपेटी, सिगारेट न्यायला बंदी. एक ठिणगी पडली की संपलं. झडती लिहा. कोण कोणाचे केस चाचपतं, किती वेळ, याच्यातून बरंच कळतं.

राहिला शेवट. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं, त्या जल्लोषावर पडदा पाडायचा मोह आवरा. कॅनडात युद्धकाळात काढलेल्या पाळणाघरांची केंद्राची मदत १९४६ मध्ये बंद झाली. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत विवाहित बायकांवरचे निर्बंध तर १९५५ पर्यंत टिकले. बऱ्याच काळ्या बायकांपुढे पुन्हा दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी. त्यामुळे शेवटचा भाग १९४६ मध्ये न्या आणि प्रत्येकीला काम शोधायला पाठवा. कोणाला कुठलं दार उघडतं हे चौघींचं वेगवेगळं लिहा.