जुनी गाडी, कडक ऊन आणि काटा

माझी ऑटोमॅटिक गाडी वीस वर्षांची आहे. उन्हाळा लागला की मी आधी रेडिएटरचं झाकण बघतो, अर्थात इंजिन पूर्ण थंड असताना. त्याचं रबर कडक झालं असेल तर झाकण सरळ बदला. ते दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) १०० अंशांच्या बरंच पुढे गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की तेच कूलंट लवकर उकळतं. मी हे न बघता आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बदलून बसलो होतो. इंजिनच्या तापमानाचा काटा होता तिथेच, वर चढलेला!

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको, आत क्षार साचतात. रेडिएटरच्या जाळीतली धूळ-किडे इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

आता गिअरबॉक्स. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचं तेलही रेडिएटरमध्येच थंड होतं, म्हणजे एक तापला की दुसरा तापलाच. तेल काळपट पडलं, जळका वास आला, तर बदलायची वेळ टळून गेली समजा. घाटात किंवा ओझं ओढताना वेगळा ऑइल कूलर फार उपयोगी. मी बसवला, तो रेडिएटरच्या पुढे. चढावर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद ठेवतो.

काटा चढू लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. घामाने भिजाल, पण इंजिन वाचेल. तरीही उतरला नाही तर कडेला थांबून इंजिन बंद करा, आणि झाकणाला हात लावू नका.