फॉर्मवर 'निरंक' लिहिण्याआधी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर चार पानी फॉर्म आला. परळच्या एका रुग्णालयात संशोधन प्रकल्पाची को-ऑर्डिनेटर म्हणून लागले होते. आर्थिक हितसंबंधांचा तक्ता होता: कंपनीचं नाव, नातं, रक्कम. कंपनी आणि मी? मी तर डोंबिवलीहून सव्वासातची लोकल पकडून येणारी कंत्राटी मुलगी. तिन्ही रकान्यांत 'निरंक' लिहिलं, सही ठोकली आणि डबा खायला गेले.

प्रकल्प मधुमेहींच्या पायाच्या जखमांचा होता. नेहमीचं गॉजचं ड्रेसिंग आणि एका कंपनीचं महागडं ड्रेसिंग, दोहोंपैकी कशाने जखम लवकर भरते ते पाहायचं. पैसा एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, तिथल्या एका विद्यापीठामार्फत आमच्याकडे आलेला. पैसा सरकारी, मग कंपनीचा संबंध येतोच कुठे, असं मला तेव्हा वाटायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटतं. पण अनुदान सरकारी असलं तरी ड्रेसिंगचे खोके कंपनीचे असतात, सरांची, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरांची, व्याख्यानं कंपनीने ठेवलेली असतात, आणि हल्ली तर पेटंट किंवा स्टार्टअपमधला हिस्सा खुद्द संशोधकाचाच असतो. १९९९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्या चाचणीत सरकारी पैसा होता, आणि ज्या संस्थेत ती चालली तिच्या प्रमुखाचा त्याच क्षेत्रातल्या एका कंपनीत हिस्साही होता.

फॉर्ममागचा नियम मी नंतर वाचला. आधी वाचायला हवा होता. किती रकमेपुढचा हितसंबंध सांगायचा, याची मर्यादा १९९५ साली अमेरिकेने १०,००० डॉलरची ठेवली होती. २०११ च्या दुरुस्तीत ती ५,००० वर आली. शेअर बाजारातली कंपनी असेल तर मागच्या १२ महिन्यांत तिच्याकडून मिळालेले पैसे आणि हातातल्या शेअरची किंमत यांची बेरीज धरायची. कंपनी बाजारात नसेल तर तिचा एक शेअर असला तरी सांगायचा. बेरजेत नवरा-बायको आणि अवलंबून असलेली मुलंही येतात. म्युच्युअल फंड येत नाहीत, कारण तिथे कुठला शेअर घ्यायचा ते आपण ठरवत नाही. आणि हा नियम ज्याला लागू होतो तो 'इन्व्हेस्टिगेटर' म्हणजे फक्त डॉक्टर नव्हे. अभ्यासाची आखणी, काम किंवा अहवाल यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो, मग पद कुठलंही असो.

दिवाळीत चकल्या तळत होते. नवरा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला. "अगं, हा बघ कुठे गेला! घेतला तेव्हा दोन लाखही नव्हते, आता पाच!" स्क्रीनवरचं नाव मी रोज बघत होते. ड्रेसिंगच्या प्रत्येक खोक्यावर निळ्या अक्षरांत तेच छापलेलं असायचं. शेअर वर गेल्याचं दुःख झालेलं त्या दिवाळीत आमचं एकच घर असावं.

सुट्टी संपल्यावर संशोधन कार्यालयातल्या मॅडमकडे गेले. रागावतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधी कळलं?" आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट फिरवून दिवस मोजले. नवा हितसंबंध कळल्यापासून ३० दिवसांत सांगायचा असतो. मी मुदतीत बसत होते. मग शेअर किती, कोणाच्या नावावर, आजचा भाव काय, हे सगळं लिहून घेतलं. मला वाटलं संपलं. तर त्या म्हणाल्या, "आता सांग, या प्रकल्पात तू हाताने नेमकं काय करतेस?"

मी सांगितलं. रुग्णाच्या जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरायचं, मार्करने कडा काढायच्या, शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो घ्यायचा. मग ते प्लास्टिक आलेखाच्या कागदावर ठेवून चौकटी मोजायच्या आणि आकडा संगणकात भरायचा.

"रेघ चौकटीच्या मधून गेली तर?"

"ती... बघून ठरवते."

"आणि कोणाला कुठलं ड्रेसिंग आहे हे तुला माहीत असतं?"

माहीत असायचं. पट्टी सोडायला मीच सिस्टरांच्या शेजारी उभी असायचे.

मॅडम काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट धरायची, कमी असेल ती सोडायची, हे कागदावर आलं. आणि मोजणी माझ्याकडून काढून शेजारच्या विभागातल्या एका मुलीकडे गेली, जिला फक्त क्रमांक लिहिलेलं प्लास्टिक मिळायचं. माझ्या हातून मोजल्या गेलेल्या ३४ रुग्णांच्या नोंदी तिने पुन्हा मोजल्या. दोन ठिकाणी डोळ्यांत भरण्याइतका फरक निघाला. एकात माझा आकडा महागड्या ड्रेसिंगला झुकतं माप देणारा, दुसऱ्यात उलटा. मी जाणूनबुजून काही केलं नव्हतं हे मला माहीत आहे, पण तो पहिला आकडा अजून आठवतो. शेअर विका असं नवऱ्याला कोणी सांगितलं नाही. तो एक मार्ग असतो, पण आमच्या बाबतीत काम हलवणं पुरेसं ठरलं. नवऱ्याने पुढच्या वर्षी ते विकले, तेही पडत्या भावाने, आणि त्याचं खापर आजतागायत माझ्या डोक्यावर आहे.

सरांचं प्रकरण वेगळं. त्यांनी कंपनीच्या व्याख्यानांचं मानधन वेळेत, रकमेसकट जाहीर केलं होतं. त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. कंपनीच्या पैशाने परिषदेला जाणं डॉक्टरांना तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या २००९ च्या दुरुस्तीने बंद आहे, सल्लागार म्हणून काम करणं बंद नाही. पण तो कागद फाइलीत गेला आणि सर पूर्वीसारखेच ओपीडीत रुग्णाला समजावून संमतीपत्रावर सही घेत राहिले. जाहीर केलं म्हणजे निस्तरलं, हा गैरसमज मी मोठमोठ्या माणसांत पाहिलाय. माझ्या गोंधळामुळे ती फाइलही उघडली गेली. ठरलं ते असं: कोण अभ्यासात बसतो हे सर ठरवणार नाहीत, संमती दुसऱ्या डॉक्टर घेतील, जखम भरली की नाही हे बाहेरच्या रुग्णालयातले सर्जन फोटोवरून सांगतील, आणि संमतीपत्रात एक ओळ वाढेल. सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. नंतर निवळलं.

रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे हे सगळं गेलं तेव्हा मी पहिल्यांदा बैठक बघितली. २०१९ च्या नव्या नियमांनुसार औषधचाचण्या तपासणाऱ्या कमिटीत किमान सात सदस्य लागतात, अर्धे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. कायदा जाणणारा हवा आणि ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही असा सामान्य माणूसही. एका सदस्याने आधीच लेखी कळवलं होतं की ते त्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर आहेत. आमचा विषय आला तसे ते उठले, चहाचा कप घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. इतिवृत्तात त्याची नोंद झाली. पाच मिनिटांचं काम, पण मला ते फार आवडलं.

तुम्ही फॉर्म भरायला बसाल तेव्हा आठवणीवर विसंबू नका. स्वतःचा आणि जोडीदाराचा डीमॅटचा उतारा काढा. फॉर्म २६-एएस, म्हणजे आयकर खात्याकडे जमा झालेल्या कराचा उतारा, काढा. कोणी मानधनातून टीडीएस कापला असेल तर तिथे त्याचं नाव दिसतं, आणि विसरलेलं एखादं व्याख्यान असं बाहेर पडतं. तारीख आणि रक्कम एका वहीत लिहीत चला, कारण शोधनिबंध छापायला जाईल तेव्हा बरीच नियतकालिकं मागच्या ३६ महिन्यांचं विचारतात. आणि हे मर्यादेत येतं का, असा प्रश्न पडला तर उत्तर तुम्ही देऊ नका. आकडा सांगा, ठरवायचं काम कार्यालयाचं.

नवं संमतीपत्र आल्यानंतरचे पहिले रुग्ण कसाऱ्याचे एक आजोबा होते. दुसऱ्या डॉक्टर मॅडम वाचून दाखवत होत्या, मी शेजारी होते. ती वाढीव ओळ आली: या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांना ड्रेसिंग बनवणाऱ्या कंपनीकडून व्याख्यानांचं मानधन मिळालं आहे. आम्हाला धाकधूक होती की रुग्ण उठून जातील. आजोबांनी पाय खुर्चीवर नीट टेकवला.

"म्हंजे मोठ्या साहेबांनी त्यांचे पैसे घेतलेत?"

"हो, बाबा."

"मग जखम बरी झाली का नाय ते कोण सांगनार?"

"दुसऱ्या हॉस्पिटलचे डॉक्टर. त्यांना कळणारच नाही तुम्हाला कुठलं लावलंय."

"आन् तो कागद मला घरी न्यायला भेटंल?"

मॅडमनी प्रत दिली. त्यांनी ती चार घड्या घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आणि पेन मागितलं.