प्रकरण, मुद्दा, उपमुद्दा: वर्डकडून आकडे टाकून घेण्याआधीची तयारी

आधी कागद-पेन, संगणक नंतर. प्रबंधात किती पातळ्या लागणार ते कागदावर लिहून काढा. प्रकरण, त्याखाली मुद्दा, त्याखाली उपमुद्दा. तीन पुरतात, फार तर चार. वर्ड नऊ पातळ्या देतो म्हणून नऊच्या नऊ वापरायच्या नसतात. ३.२.४.१.२ असा आकडा दिसला की परीक्षक पान उलटतो.

समजा, खानदेशच्या प्रशासकीय इतिहासावर लिहिताय. दुसरं प्रकरण जिल्ह्याच्या फेररचनेचं. २.१ मध्ये १९०६ सालचं पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे विभाजन, २.२ मध्ये महाराष्ट्र झाल्यावरचे जळगाव आणि धुळे जिल्हे, २.३ मध्ये १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला नंदुरबार. सगळं लिहून झालं, आणि मार्गदर्शक सर म्हणाले, "१८१८ साली इंग्रजांच्या हाती आलेला अखंड खानदेश आधी यायला हवा, तो मुद्दा सुरुवातीला घाला." आता २.१ चा २.२ होणार, २.२ चा २.३, त्यांच्या पोटातले सगळे उपमुद्दे बदलणार, अनुक्रमणिका बदलणार, पाचव्या प्रकरणात कुठेतरी लिहिलेलं "पाहा २.२.३" खोटं ठरणार. आकडे हाताने टाकले असतील तर दोन रात्री गेल्या. स्टाईलला, म्हणजे वर्डमध्ये नाव देऊन ठरवलेल्या शीर्षकाच्या रूपाला, बांधले असतील तर एक नवा परिच्छेद लिहायचा, बस.

फाँट युनिकोडच हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखला जाणारा. जळगाव-भुसावळच्या बऱ्याच टायपिंगवाल्यांकडे अजून कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फाँट चालतो. निमंत्रणपत्रिकेला ठीक आहे, प्रबंधाला नको. कृतिदेवमध्ये टिंबाची कळ दाबली की अर्धा ण् उमटतो, म्हणून वर्डने स्वतः टाकलेल्या दोन आकड्यांच्या मधोमध टिंबाऐवजी ण् येऊन बसतो, आणि टायपिंगवाले भाऊ ते पाहून पुन्हा हातानेच आकडे टाकायला लागतात. तिथून सगळं बिघडतं. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला.

मजकूर कुठून आणलाय तेही बघा. सरांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल, मैत्रिणीचं जुनं प्रकरण, एखाद्या लेखातला उतारा, हे सगळं चिकटवताना "कीप टेक्स्ट ओन्ली" निवडा. नाहीतर प्रत्येक उताऱ्याबरोबर त्याच्या स्टाईल आणि त्याच्या याद्या तुमच्या फाइलीत घर करतात. शीर्षकात हाताने टाकलेले जुने आकडे असतील तर तेही आत्ताच काढा, नंतर "२.१ २.१ पूर्व खानदेश" असं दिसतं. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये टाइप करता करता आपोआप याद्या बनवायची सोय असते, ती बंद. वर्षाने सुरू होणारी ओळ कधी यादी होऊन बसते, कळतही नाही.

आता स्टाईल. प्रकरणाला हेडिंग एक, मुद्द्याला हेडिंग दोन, उपमुद्द्याला हेडिंग तीन. स्वतःच्या नावाच्या नव्या स्टाईल बनवू नका. याच वापरा आणि यांचंच रूप बदला, कारण अनुक्रमणिका आणि नेव्हिगेशनची पट्टी (बाजूला शीर्षकांची यादी दाखवणारी) यांना आपोआप ओळखतात. रूप बदलताना मराठीवाल्यांना एक जादा काम आहे. फाँटच्या खिडकीत "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" असा वेगळा कप्पा असतो, देवनागरीचा फाँट, ठळकपणा आणि आकार तिथे ठरतो. वरच्या लॅटिनच्या कप्प्यात सोळा लिहून मराठी अक्षर मोठं का होत नाही म्हणून डोकं आपटू नका. "ऑटोमॅटिकली अपडेट" वर खूण असेल तर काढा. एका शीर्षकाला तिरपं केलं की सगळी तिरपी होतात.

इथून पुढे सावकाश वाचा.

पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात कर्सर ठेवा, त्याला हेडिंग एक दिलेलं असू द्या. होम टॅबवर मल्टिलेव्हल लिस्टचं बटण आहे. त्यातल्या तयार नमुन्यांना हात लावू नका. सगळ्यात खाली "डिफाइन न्यू लिस्ट स्टाईल" आहे, ते घ्या. नाव द्या, "प्रबंध आकडे" किंवा काहीही, मग फॉरमॅटमधून नंबरिंग. नाव दिलेली यादी पुढे उजव्या कळीने उघडून दुरुस्त करता येते. बिननावाची दर वेळी नवी बनते आणि फाइलीत अशा दहा याद्या जमा होतात. खिडकी उघडल्यावर डाव्या कोपऱ्यात खाली "मोअर" लिहिलेलं बटण असतं. ते दाबा. दाबलंच पाहिजे, कारण ज्याच्यासाठी ही खिडकी उघडली ती गोष्ट त्या बटणामागे आहे: लिंक लेव्हल टू स्टाईल, म्हणजे यादीची पातळी स्टाईलला जोडणं.

डावीकडे एक निवडा, उजवीकडे हेडिंग एक जोडा. डावीकडे दोन निवडा, हेडिंग दोन जोडा. डावीकडे तीन निवडा आणि हेडिंग तीन जोडा. तीन. मागच्या वेळी माझं हेच राहिलं होतं. दोन पातळ्या जोडल्या, पहिलं प्रकरण छान दिसलं आणि खिडकी बंद केली. तिसऱ्या पातळीचे आकडे मग वरच्या बटणाने एकेका ठिकाणी लावत गेले. ती यादी वेगळी, तिला प्रकरण बदललेलं कळायचं कारणच नाही. तिसऱ्या प्रकरणातला ३.२.६ झाल्यावर चौथ्या प्रकरणातला पहिला उपमुद्दा ३.२.७ म्हणून आला, आणि हे कळलं ते बांधणीवाल्याकडे. तिसरी राहून जाण्याचं कारणही सांगते. वर्डच्या स्टाईलच्या पट्टीत हेडिंग तीन सुरुवातीला दिसतच नाही, हेडिंग दोन कुठेतरी वापरल्यावर ते उगवतं. डोळ्यासमोर नाही म्हणून मनातही येत नाही. पण लिंक लेव्हल टू स्टाईलच्या यादीत ते पहिल्यापासून असतं. तिथून निवडा. चौथी पातळी लागणार असेल तर चौथीही आत्ताच. "नंतर बघू" चालणार नाही.

त्याच खिडकीत आकड्याचं रूप. जिथे आकडा दिसतो तिथे करड्या पार्श्वभूमीचा अंक असतो, तो जिवंत अंक. तो पुसून स्वतः अंक टाइप केलात तर तो मेलेला, सगळी प्रकरणं एक नंबरची होतील. करड्या अंकाच्या आधी "प्रकरण" आणि एक मोकळी जागा टाइप करा, ते चालतं, आणि तो शब्द खालच्या पातळ्यांत शिरत नाही. चुकून पुसलाच तर दुसऱ्या पातळीवर वरचा अंक परत आणायला "इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम" आहे. तिथून लेव्हल एक घ्यायचं, मधे टिंब आपण टाकायचं. अंक देवनागरी हवे असतील तर नंबर स्टाईलच्या यादीतून १, २, ३ निवडा. दिसत नसतील तर ऑफिसच्या भाषांमध्ये हिंदी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. हे प्रत्येक पातळीला वेगळं निवडावं लागतं. आणि "लीगल स्टाईल नंबरिंग" वर खूण करू नका. तिचं कामच मुळी सगळे आकडे साध्या इंग्रजी अंकांत आणायचं आहे, देवनागरी गेलेच म्हणून समजा.

"रिस्टार्ट लिस्ट आफ्टर" ची खूण दुसऱ्या पातळीला लेव्हल एकवर, तिसरीला लेव्हल दोनवर. बहुतेक वेळा आपोआप असते, तरी बघून घ्या. समास आणि आकड्यानंतरची जागा याच खिडकीतून ठरवा. वरच्या पट्टीवरचे त्रिकोण ओढून नाही, परिच्छेदाच्या खिडकीतूनही नाही. तिथून बदललं की यादी एक सांगते, स्टाईल दुसरं, आणि तिसऱ्या दिवशी शीर्षकं शाळेतल्या रांगेसारखी पुढेमागे उभी.

ओके दाबण्याआधी डावीकडे पुन्हा एक, दोन, तीन अशा क्रमाने टिचकी मारा आणि उजवीकडे लिंकच्या कप्प्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. "नो स्टाईल" दिसलं तर ओके दाबायचं नाही. मोठ्याने का, तर मनात वाचताना आपण जे असायला हवं तेच वाचतो.

मग चाचणी, आणि ती खऱ्या मजकुराआधी. कोऱ्या फाइलीत दोन प्रकरणं, प्रत्येकात दोन मुद्दे, प्रत्येक मुद्द्यात दोन उपमुद्दे, नुसते "अबक" लिहिलेले. कंट्रोल-आल्ट-१, २, ३ ने स्टाईल लागतात. दुसऱ्या प्रकरणातला पहिला उपमुद्दा २.१.१ आलाच पाहिजे. दुसरं काहीही आलं तर तिसरी पातळी जोडलेली नाही, परत खिडकीत जा. आलं तर नेव्हिगेशनच्या पट्टीत एक मुद्दा धरून वर ओढा, आकडे आपसूक बदलतात का पाहा. फक्त एक प्रकरण टाकून चाचणी करू नका. एका प्रकरणात सगळंच बरोबर दिसतं. ही फाइल टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा, घरात पुढे कुणीतरी पीएचडी करेलच.

मनोगत, ऋणनिर्देश यांना आकडा नको. हेडिंग एक लावून आकडा पुसायचा हा टायपिंगवाल्यांचा आवडता उद्योग आहे, तसं करू नका. वेगळी स्टाईल बनवा, ती नॉर्मलवर आधारलेली ठेवा, परिच्छेदाच्या खिडकीत आउटलाइन लेव्हल एक द्या. अनुक्रमणिकेत येते, आकडा येत नाही. परिशिष्टांसाठी हेडिंग सहा याच यादीत जोडा, तिथे "रिस्टार्ट" ची खूण काढा, आणि अनुक्रमणिकेच्या ऑप्शन्समध्ये हेडिंग सहाला पहिली पातळी द्या. मजकुरातल्या क, ख, ग अशा छोट्या याद्या हेडिंगच्या यादीत घुसवू नका, त्यांची यादी वेगळी.

"पाहा २.२.३" हाताने लिहायचं नाही, क्रॉस-रेफरन्स घाला, म्हणजे शीर्षकाच्या आकड्याशी जोडलेला संदर्भ. तक्त्यांना प्रकरणाचा अंक हवा असेल तर कॅप्शनमध्ये सोय आहे, पण हेडिंग एक यादीला जोडलेलं असेल तरच ती चालते. पुन्हा तेच, जोडणी.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना टूल्समधल्या हेडिंग नंबरिंगमध्ये, जुन्या आवृत्तीत चॅप्टर नंबरिंग, दहा पातळ्या आधीपासून हेडिंगशी जोडलेल्या मिळतात, फक्त अंक निवडायचा. तुमचं अर्धं काम वाचलं. मात्र विद्यापीठात किंवा सरांकडे फाइल वर्डमध्ये उघडणार असेल तर एकदा तिथे उघडून बघा.

शेवटचं पटापट. सगळं निवडून एफ-नऊ दाबा, म्हणजे संदर्भ आणि अनुक्रमणिका ताजी होते, विचारेल तेव्हा पूर्ण अनुक्रमणिका बदला, नुसते पानांचे आकडे नको. "एरर" शब्द शोधा, तुटलेले संदर्भ तिथे सापडतात. पीडीएफ करा. छपाईवाल्याला पीडीएफच द्या, वर्डची फाइल नाही. त्याच्या मशीनवर तुमचा फाँट नसतो. मे महिन्यात सबमिशन असेल तर दुपारी लाइट जाणार हे धरून चाला, सेव्ह करत राहा, एक प्रत पेनड्राइव्हवर. छपाईआधी पीडीएफमध्ये प्रत्येक प्रकरणाचा पहिला उपमुद्दा काढून बघा. ४.१.१ च आहे ना?