कैरोतला पहिला दिवस: अरबी शिकायला निघालेल्या ठाणेकरांसाठी

माझी नेरूळची भाची पुढच्या महिन्यात अरबी शिकायला कैरोला चालली आहे. "मावशी, पहिल्या दिवशी काय करू?" असं तिने विचारलं, तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते. मी नौपाड्यातून २०१९ साली गेले, दोक्की भागात राहिले, आणि आता एका रुग्णालयात अरबी रुग्णांची दुभाषी आहे.

शक्यतो शुक्रवारी सकाळी पोचू नका. तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत बरीच दुकानं बंद असतात. रविवारी वर्ग सुरू होतात, म्हणून गुरुवारी पोचलेलं बरं.

खोलीत सामान टाकलं की झोपू नका. खाली जाऊन बव्वाबला भेटा. बव्वाब म्हणजे इमारतीचा राखणदार; पाण्याच्या बाटल्या कुठे, किराणा कुठे, सगळं त्याला ठाऊक. सकाळ असेल तर "सबाह इल-खेर" म्हणा, तो "सबाह इन-नूर" म्हणेल. हे खेर म्हणजे आपलंच खैर. 'आता तुझी खैर नाही', 'चेहऱ्याचा नूर पालटला' असं आपण घरात बोलतोच की! भल्याची सकाळ म्हटलं, तर उजेडाची सकाळ असं उत्तर येतं. फक्त हा ख आपल्या खोबऱ्यातला नाही, घशात खरवडून काढायचा.

मराठी ठाण्यात ठेवून जाऊ नका, असा माझा आग्रह आहे. हिशेब, तारीख, कायदा, वकील, खलास हे शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. जेवण झाल्यावर "इल-हिसाब, लौ समहत" म्हटलं की बिल येतं (समोर बाई असेल तर 'लौ समहती'). ताटलीत फार वाढत असतील तर "खलास" पुरतं. एका शब्दाला मात्र जपा: अरबीत 'गरीब' म्हणजे परका किंवा विचित्र. पैशांनी गरीब असलेल्याला तिथे 'फकीर' म्हणतात.

आता तिथले लिहायचे आकडे. पहिल्या दिवशी दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे दहा आकडे झोपण्याआधी पक्के करा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच हा आपल्या शून्यासारखा गोल, त्यामुळे पन्नास म्हणजे एक गोल आणि एक ठिपका. सात वर उघडा, आठ खाली उघडा. एक म्हणजे उभी रेघ. आणि नऊ दिसतो आपल्या १ सारखा. माझ्या इमारतीचा क्रमांक ९ होता. दारावरची पाटी मी मराठी डोळ्यांनी वाचली, ही एक नंबरची इमारत समजून पुढे गेले आणि बॅग ओढत गल्लीच्या टोकापर्यंत चालले. सरावासाठी रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या वाचा. भाड्याची गाडी बोलावली की तिचा क्रमांकही असाच ओळखायचा असतो. लिपी उजवीकडून डावीकडे वाचायची, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून.

बोलताना तर मराठी माणसाची सोयच आहे. 'खम्सा व इशरीन' म्हणजे 'पाच आणि वीस'. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधीच येतो ना? माझ्या वर्गातल्या युरोपीय मुलांना हा क्रम बसायला आठवडे लागले.

हे शिकून झालं की लगेच वापरा. "बिकाम दा?" म्हणजे 'हे केवढ्याला?' सुट्ट्या पैशांना 'फक्का' म्हणतात. तो जवळ ठेवा. पहिल्या जेवणाला कोशरी खा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. शाकाहारी आहे, पोटभर आहे, आणि मिसळीवर वाढलेल्या जिभेला परकी वाटत नाही. मागताना बाईने "आयझा" म्हणायचं, पुरुषाने "आयिझ". जातो-जाते करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

दुकानदार इंग्रजीत उत्तर देईल. तुम्ही अरबीतच बोला, तुटकं का होईना. पुस्तकातली 'फुसहा' वापरलीत तर तो समजून घेईल, पण स्वतः रोजच्या बोलीतली 'आम्मिया' बोलेल. शाळेत प्रमाण मराठी आणि दिवा गावच्या गल्लीत आगरी, तसंच काहीसं, फक्त अंतर बरंच जास्त.

मेट्रोत मधले डबे बायकांसाठी राखीव असतात. तिकीट बाहेर पडेपर्यंत टाकू नका.

वर्ग ठरवायची चाचणी असेल तर पाठ केलेली वाक्यं म्हणू नका. मी म्हटली, वरच्या वर्गात बसले, आणि तीन दिवस काहीच न कळता काढून खाली आले. ते तीन दिवस मला अजून सलतात. लिपीची २८ अक्षरं मात्र घरूनच शिकून जा. हजेरी घेताना आपलाच 'हजर' कामी येतो, फक्त 'हादिर' म्हणा, द जड करून. रमझानचं अरबीत रमदान होतं, तेच हे अक्षर.

रात्री घरी फोन करताना घड्याळ बघा. हिवाळ्यात कैरो आपल्या साडेतीन तास मागे असतं, उन्हाळ्यात अडीच. माझी आई दहाला झोपते, म्हणून मी थंडीत साडेसहाच्या आत करायचे.